टिकलीखालचा पिवळा दिवा

अण्णा,

आज रविवार, ९ नोव्हेंबर २०२५. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली आहेत आणि मी तुमच्या गाडीत, तुमच्या सीटवर बसून हे लिहितो आहे. गाडी कडुलिंबाखाली उभी आहे, इंजिन बंद आहे, चारी काचा खाली आहेत. शेजारच्या सीटवर आई मेथी निवडते आहे. तुम्ही गेलात त्याला नऊ वर्षं झाली, तेव्हापासूनची तिची ही सवय आहे. दुपारचं जेवण उरकलं की ती टोपलं घेऊन गाडीत येऊन बसते, दार उघडं ठेवते आणि एक पाय बाहेर सोडते. गाडी कुठेच जात नसते. ओट्यावर सावली असताना इथे कशाला, असं मी एकदा तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "हितं जरा गावाला चालल्यावानी वाटतंय."

तुम्ही जालन्याला बियाण्यांच्या कंपनीत मालकांची गाडी चालवायचात. मालकांनी नवी घेतली तेव्हा त्यांच्या घरची ही छोटी पांढरी गाडी तुम्हाला कमी किमतीत दिली. तुम्ही ती पहिल्यांदा घरी आणलीत ती संध्याकाळ मला आठवते, कारण गल्लीत शिरताना तुम्ही हॉर्न वाजवला नाही. आम्हाला वाटलं, कोणाकडे तरी पाहुणे आले. तुम्ही उतरलात आणि आत कोणी झोपलेलं असावं तसं दार हळूच लावलंत. पुढे वर्षभराने मीटरमधला इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि तो विझेना. सकाळी गाडी चालू व्हायलाही वेळ लागायला लागला, किल्ली फिरवली की बराच वेळ नुसती घरघरायची. तुम्ही म्हणायचात, "तिला जागं व्हायला टाइम लागतो. मानसाला लागत न्हाई का?" कंपनीतल्या कोणीतरी सांगितलं की गाडी एकदा मशीनला लावून बघा. तुम्ही ते ऐकून घेतलंत, घरी आलात आणि आईच्या पाकिटातली एक मोठी मरून टिकली काढून मीटरच्या काचेवर, बरोबर त्या दिव्यावर चिकटवलीत. आई म्हणाली, "माझी टिकली अन् गाडीचं कपाळ." तुम्ही मान तिरकी करून पाहिलंत. "आता बिलकुल बरी दिसती." त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात. टिकली राहिली. उन्हाने तिचा रंग उडाला, पण मी ती कधी काढली नाही, आणि तिच्याखाली दिवा जळतो आहे की विझला आहे हेही पाहिलं नाही.

याच दिवसांतला तो रस्ता मला अजून दिसतो. मी सतरा वर्षांचा आहे, तुमच्या शेजारी बसलो आहे, आपण भोकरदनहून जालन्याकडे चाललो आहोत. कापसाच्या गाड्या नुकत्याच पुढे गेल्या आहेत आणि रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकले आहेत. थोडे अजून हवेत आहेत. ते काचेवर येतात, क्षणभर थांबतात आणि वर निघून जातात. माझे डोळे मिटतात, उघडतात, आणि दर वेळी तोच रस्ता, तेच पांढरं तरंगणं, स्टीअरिंगवर तुमचे तेच दोन हात. किती वेळ गेला ते कळत नाही. आता मीच गाडी चालवतो आणि माझ्या शेजारी आई डुलक्या घेते, तेव्हा मला मधूनच वाटतं की मी अजून उठलेलोच नाही.

गेल्या महिन्यात राजूरच्या अलीकडे गाडी चालता चालता बंद पडली. मागून ट्रक येत होता. तो बाजूने गेला, पण आईने माझा दंड धरला होता आणि ट्रक दिसेनासा झाला तरी तिने तो सोडला नाही. मग आठवडाभरात दोनदा तसंच झालं. स्टँडजवळच्या मिस्त्रींनी कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "टायमिंग चेन ढिली झाली वाटतं. इंजिन खोलावं लागतंय. चाळीस हजार धरून चाल." काकांनी, म्हणजे तुमच्या धाकट्या भावाने, टेंभुर्णीचं एक गिऱ्हाईक शोधलं. आहे त्या स्थितीत साठ हजार द्यायला तयार आहे, दहा नोव्हेंबरच्या सोमवारी बघायला येतो म्हणाला. आईला विचारलं तर ती म्हणाली, "मला काय, मी बसनं जाईन." असं म्हणाली आणि टोपलं घेऊन गाडीत जाऊन बसली. मला त्या वेळी ठरवता आलं नाही, पण एवढं कळलं की गाडीला नक्की काय झालं आहे हे माहीत नसताना ती विकायची नाही.

जालन्याला मशीनला लावायची तर गाडी तिथवर न्यायला हवी, आणि वाटेत ती बंद पडली तर काय, ही भीती होती. म्हणून गाडीचे दोष घरीच वाचायचं मशीन घ्यायचं ठरवलं. काका म्हणाले, "अरे, डॉक्टर मेले का गावातले? तू घरी मशीन आनून राह्यला." मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "आनू द्या भाऊजी. बीपीचं मशीन घरी आना म्हनलं तवा तुमच्या भावानंबी असंच हसन्यावारी नेल्तं." काका चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला.

तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. अकरावी अर्धी सोडल्यापासून मी तहसीलसमोरच्या दुकानात लोकांचे अर्ज टाइप करतो, आणि एक वेलांटी चुकली तरी मला रात्रभर चुटपुट लागते. तरीही मी आधी घाईच केली. सगळ्यात स्वस्त, तीनशे नव्याण्णव रुपयांचं, काडेपेटीएवढं, मोबाइलला ब्लूटूथने जोडायचं मशीन मागवलं. स्टीअरिंगखाली गुडघ्याजवळ एक खाच असते, त्यात ते बसवायचं. मोबाइलशी ते लगेच बोललं, पण गाडीशी बोलेना. मी रोज नवं ॲप घालून बघत राहिलो आणि तेवढ्यात परत करायची मुदत संपली. मग शांत बसून वाचलं. आपल्यासारख्या जुन्या गाड्यांची बोलायची पद्धत वेगळी असते आणि अगदी स्वस्त नकली मशीनमधून नेमकी तीच पद्धत काढून टाकलेली असते. म्हणून मशीन घेण्याआधी आपल्या गाडीचं साल आणि मॉडेल लिहून विकणाऱ्याला विचारायचं, हे मला तेव्हा कळलं. महागडी मशीनं ब्रेकचे आणि एअरबॅगचेही दोष वाचतात. आपल्या गाडीत एअरबॅगच नाही, मग नसलेल्या वस्तूचा दोष वाचायला आठ-दहा हजार कशाला द्यायचे? शेवटी वायरचं, स्वतःची छोटी पाटी, म्हणजे स्क्रीन, असलेलं मशीन घेतलं. त्याला मोबाइल लागत नाही, गाडीतूनच वीज घेतं आणि इंजिनाचं तेवढं वाचतं. अठराशे पन्नास रुपये. पैसे भरण्याआधी मी विकणाऱ्याला तीन वेळा तोच प्रश्न विचारला. तिसऱ्यांदा त्याने "होय दादा, चालतंय" एवढंच लिहिलं आणि पुढे हात जोडल्याचं चित्र टाकलं.

मशीन आलं त्या दुपारी आई इथेच बसली होती. मी म्हणालो की आता दिवा बघावा लागेल. तिने अंगठ्याच्या नखाने टिकली हलकेच उचलली. ती सहज निघाली. खाली दिवा जळत होता. आईने ती टिकली टाकली नाही, बोटावर तशीच धरून बसली. मशीनच्या पाटीवर एकच दोष आला. त्यातलं इंग्रजी मी अक्षर अक्षर करून मोबाइलमध्ये घातलं. कॅमशाफ्ट नावाचा दांडा कुठे आहे ते इंजिनाला सांगणारा एक सेन्सर असतो, त्याची खबर येत नाही, असं ते होतं. म्हणूनच गाडीला जागं व्हायला वेळ लागत होता, अण्णा. मिस्त्रींना दाखवलं तेव्हा ते वाद न घालता म्हणाले, "मंग आधी सेन्सर टाकून बघू. न्हाई जमलं तर चेन हायेच." काल त्यांनी तो बसवला. किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्याच फिरवणीला चालू झाली. मी दचकलो. मला तो उशीर इतका सवयीचा झाला होता.

पण दुरुस्ती झाली तरी जुनी नोंद पुसावी लागते. ती पुसून गाडी चालवायची आणि दिवा पुन्हा लागला नाही, तरच दोष गेला असं धरायचं. पुसण्याआधी सगळं बघून घ्यावं असं वाचलं होतं, म्हणून आज सकाळी मी मशीनमधलं राहिलेलं एक पान उघडलं; आई आज सकाळीच टोपलं घेऊन शेजारी येऊन बसली होती. दोष पहिल्यांदा सापडतो त्या क्षणी गाडी काय करत होती, ते ती गोठवून ठेवते. पाण्याचा ताप एकोणनव्वद, इंजिनाचे फेरे अठराशे चाळीस, वेग बावन्न. तारीख ती ठेवत नाही. मी त्या बावन्नकडे बघत राहिलो. रिकाम्या रस्त्यावर मी एकदा सत्तरवर नेली होती तेव्हा तुम्ही गाडी बाजूला घ्यायला लावली होतीत, मला उतरवून मागे बसवलं होतंत आणि घर येईपर्यंत एकच वाक्य बोलला होतात. "पळवाया अक्कल लागत न्हाई, पंचावनच्या आत ठिवाया लागती." दिवा तुमच्याच काळात लागला होता. म्हणजे हे बावन्न तुमचे. कुठेतरी त्या बाभळींच्या रस्त्यावर, बाहेर कापूस उडत असताना, तुमचा पाय जेवढा दाबलेला होता तेवढाच अजून दाबलेला आहे, आणि तो माझ्या तळहातावरच्या पाटीवर दिसतो आहे. शेजारी आईच्या टोपल्यात मेथीची काडी पडली.

खाली प्रश्न आला होता: पुसायचं का? होय, नाही.

"काय इचारून राह्यलंय ते?" आई म्हणाली.

"पुसू का म्हणतंय."

"मंग पूस की. खरकटं भांडं घासायला इचारावं लागतंय का?"

मी तिला सांगितलं. यात अण्णांच्या चालवण्यातला एक क्षण आहे, वेग, इंजिनाचे फेरे, सगळं, आणि पुसलं की तो परत यायचा नाही. पुसलं नाही तर गाडी बरी झाली की नाही ते कळायचं नाही, आणि उद्या गिऱ्हाईक येणार आहे. आईने हातातली जुडी मांडीवर ठेवली.

"मी व्हते का संगं?" तिने विचारलं.

"ते त्यात लिहिलेलं नसतं, आई."

"व्हते मी," ती म्हणाली. "तू पूस."

मी होय दाबलं. काहीच झालं नाही. पाटीवर एक छोटी ओळ आली आणि दिवा विझला. मग आम्ही राजूरपर्यंत गेलो आणि परत आलो. येताना आईने पदर डोक्यावर घेऊन डोळे मिटले होते, आणि या वेळी ट्रक बाजूने गेला तरी तिने डोळे उघडले नाहीत. दिवा लागला नाही. काकांना फोन केला तर ते म्हणाले, "बरं झालं. त्या मानसाला येऊ नको म्हनून मी बोलतो. अन् ते मशीन जरा माझ्या गाडीलाबी लावून दे."

हिशेब सांगतो, नाहीतर तुम्ही विचाराल. बिनकामाचं मशीन तीनशे नव्याण्णव, कामाचं अठराशे पन्नास, सेन्सर नऊशे पन्नास. सगळे मिळून एकतीसशे नव्याण्णव. मिस्त्रींची दोनशे मजुरी द्यायची आहे, उद्या देईन. आई आत्ताच म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी कुनाचा अर्ज लिहून राह्यला?" मी म्हणालो, आहे एकाचा.

राजूरहून परतताना, गाडी बावन्नवरच होती तेव्हा, मला आठवलं की मागच्या उन्हाळ्यात मी नवी बॅटरी बसवली होती. त्याआधीही दोनदा बदलली आहे. बॅटरीची वायर काढली की आपल्यासारख्या जुन्या गाड्यांत ते गोठवलेलं पान आपोआप कोरं होतं आणि दोष पुन्हा सापडला की नव्याने लिहिलं जातं. मशीनच्या पुस्तिकेत तसं छापलेलं आहे आणि मी ते दोन वेळा वाचलेलं आहे. तो क्षण तुमचा नव्हता, अण्णा. तो माझाच कुठलातरी होता. आईला मी हे सांगितलेलं नाही.