पाय पुढे, डोकं वर

२० एप्रिल, रवि.
गणपती मंडळाच्या खोलीत आपत्ती-बचावाचा पहिला वर्ग. धरले होते त्याहून जास्त आले. लालबागची पोरं दोर धरण्यात पटाईत, गर्दी आवरायचं मी त्यांना काय शिकवणार! उलट प्रशांतनेच मला एक गाठ शिकवली. (प्रशांत म्हणजे मंडळाचा कार्यवाह, आमच्याच चाळीतला. त्याने डोळे वटारले की बाकीचे गप्प.) मुलींत एकटी कोमल.
मग स्ट्रेचर उघडलं आणि सगळे वीर भिंतीला चिकटले. जखमी व्हायला कोणीच तयार नाही. एकाची पाठ दुखते, एकाचं लग्न ठरलंय. "चौघांनी उचलायचं म्हणजे वहिनी... कसं दिसतं ते!" शेवटी सतरंजीची वळकटी पट्ट्यांनी बांधली आणि जिन्यावरून उतरवली. सतरंजी सुखरूप. आपत्तीत सतरंज्या वाचवायच्या असतील तर आम्ही सज्ज आहोत.

२१ एप्रिल
जेवताना घरी सांगितलं. सुधीरला ठसका लागेपर्यंत हसू आलं. अण्णा पलंगावरून ऐकत होते. सासऱ्यांची उजवी बाजू दोन वर्षांपूर्वी गेली, पण कान तिखट. म्हणाले, "माका घाला थंय. नायतरी मी झोपानच आसंय."
ऑफिस सांभाळून नागरी बचावाचं प्रशिक्षण घेतलं, रविवार घालवते, ते कोणासाठी? तिसरा मजला, लाकडी जिना, वळणावर दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे व्हायचं. काही झालं तर बाकीचे धावत सुटतील. अण्णांचं काय?
आईंनी विचारलं, ह्यांना नेणार कसे? मी सांगितलं, उतरताना पाय पुढे, डोकं वर. डोकं खाली गेलं तर श्वास कोंडतो, माणूस घसरतो. सासूबाईंनी ताट सारलं. "जित्या माणसाक पाय फुडे करून खय व्हरतत काय गो? माझो सासरो ह्याच दारातून तसो गेलो. दीर तसो गेलो. ह्येंका मी देवचंय नाय."
पुढे जेवण झालंच नाही.

४ मे, रवि.
चाळीत सराव. अण्णांनी सकाळीच सुधीरकडून दाढी करून घेतली, इस्त्रीचा शर्ट मागितला. पोरांनी त्यांना छान बांधलं, उचललं, आणि आई दोन्ही हात पसरून दारात उभ्या.
प्रशांत हळूच म्हणाला, "वहिनी, आजींचं ऐकू ना. फिरवून नेऊ. सराव तर आहे."
मी म्हटलं, सरावात चुकीचं शिकलात तर खऱ्या वेळी तेच कराल. कोणी हललं नाही. मीही नाही, आईही नाहीत. मध्ये अण्णा, बांधलेले, छताकडे बघत. "निर्णय काय तो घेवा," म्हणाले, "माका मुतूक होया."
सराव रद्द. शर्ट तसाच घडी करून ठेवला.
नंतर सुधीर: "आईला दुखवू नकोस. वेळ आली की बघू." वेळ आली की बघू! वेळ आल्यावर बघता येत नाही, एवढंच तर मी जगाला शिकवत फिरते. घरात कोण विचारतो.

११ मे, रवि.
आई गिरगावात भाचीच्या साखरपुड्याला. अण्णांनीच डोळा मारला. प्रशांतला हाक मारली. पाय पुढे, डोकं वर. वळणावर स्ट्रेचर पायाकडून उचलून कठड्यावरून काढावं लागतं, ते दोनदा करून घेतलं. कुठे अडलं नाही.
अण्णा दोन वर्षांनी अंगणात. नळाजवळ खुर्चीत बसवलं. कोपऱ्यावरून चहा आला. ज्याला त्याला हाका मारत होते, गिरणीतल्या कोणाची तरी नक्कल केली. वर जायला तयार होईनात. "ऱ्हवा रे मायझयांनू, ऊन तरी खावंदे."
मी आज खूप खुश आहे. लिहून ठेवते.

१४ मे
चाळीत गुपित किती दिवस टिकतं? आईंना कळलं. माझ्याशी बोलणं बंद. पोळ्या करतात, माझ्यापुढे वाढतात, बोलत नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आज देवापुढे बसून बराच वेळ काही पुटपुटत होत्या. मी आत गेले तर थांबल्या.
अण्णा माझ्याकडे बघून खांदा उडवतात. तोही एकच उडतो.

२५ मे, रवि.
वर्ग. प्रशांतने सगळ्यांसमोर जाहीर केलं, आजींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यांना शब्द दिलाय. अण्णांना न्यायची वेळ आली तर डोकं पुढे. बाकी कोणालाही वहिनी सांगतील तसं.
मी तावातावाने बोलले. वळणावर फिरवायला जागा नाही, पट्ट्या पायाकडे ओढ बसेल अशा बांधतो, उलटं धरलं तर माणूस डोक्याकडून निसटेल. सगळं ऐकून घेतलं. माना डोलावल्या. "बरोबर आहे वहिनी. पण शब्द दिलाय."
चांगली पोरं आहेत. वाईट असती तर भांडता तरी आलं असतं.

८ जून, रवि.
दादरच्या एका कॉलेजात वर्ग घेत होते. मुलींना हेच शिकवत होते, पाय पुढे, डोकं वर. फोन पिशवीत. बाहेर काढला तर कोमलचे फोनच फोन.
आपल्या चाळीत तळाला मीटरच्या पेटीत आग. जिन्यात धूर. टॅक्सी पुलाखाली अडली, उतरून धावले. पोचले तोवर बंब आला होता, आग विझली होती. सगळे अंगणात. लहान मुलं, म्हातारी माणसं, एकाला ओरखडा नाही. आमच्या वर्गाने मजले रिकामे केले, एकेक दार वाजवून. नीट केलं, शिकवलं तसं.
अण्णा नव्हते. हॉस्पिटलात नेले होते. सुधीर ड्युटीवरून परस्पर तिकडे गेला.

९ जून
खुब्याचं हाड मोडलंय. छातीत धूर. नाकात नळी. डोळे उघडतात, बोलत नाहीत.
कोमल येऊन रडली, तिच्याकडून कळलं. खोलीतून पाय पुढे करूनच निघाले होते. पोरांचे हात शिकवलेलंच करत होते. वळणावर प्रशांतला शब्द आठवला. "थांबा, फिरवा." धुरात, त्या एवढ्याशा जागेत स्ट्रेचर फिरवलं. फिरलं. दोन पायऱ्या उतरले आणि अण्णा पट्ट्यांतून डोक्याकडून निसटले.
बंबावरच्या साहेबांनी सुधीरला सांगितलं, खोलीतच खिडकी उघडून, दाराला ओलं फडकं लावून ठेवलं असतं तरी चाललं असतं. वरपर्यंत फार धूर गेलाच नव्हता.
हे मी शिकवलं नव्हतं. माझं सगळं लक्ष पाय पुढे की डोकं पुढे यातच.

१० जून
वटपौर्णिमा. आईंचा उपास, हॉस्पिटलच्या बाकावर. केळं दिलं, हातात धरून बसल्या. पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या.
"मी काय म्हणूक नाय गो त्या दिसा. मी वराडत होतंय, कसेय व्हरा, पाय फुडे व्हरा, पण व्हरा. त्येंका आयकाक नाय इला. तो प्रशांत म्हणता, आजी, काळजी नको, डोक्या फुडे करूनच नेतो."
हे त्या परत परत सांगत होत्या. त्यांचा हात धरला, त्यांनी काढून घेतला नाही.
प्रशांत खाली गेटपाशी उभा असतो. वर येत नाही. मला त्याचा भयंकर राग येतो, आणि त्याचं तोंड पाहिलं की बोलवत नाही. आज चहा पाजला. म्हणाला, "वहिनी, रविवारचा वर्ग?" मी चहाचे पैसे दिले आणि वर आले.

१३ जून, शुक्र.
आज ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, छाती साथ देईल की नाही सांगता येत नाही. नाही केलं तर पडूनच राहतील आणि मग छाती भरेल. सुधीरने सही केली.
वॉर्डबॉय न्यायला आला. ट्रॉली वळवली आणि निघाला. पाय पुढे. तिथे सगळ्यांना तसंच नेतात, मला काय माहीत नाही? मीच तर शेकडो लोकांना सांगितलंय. चादरीतून अण्णांची पावलं वर आलेली, दाराकडे निघालेली. पुढे होऊन मी ट्रॉली धरली. "थांबा," म्हटलं, "फिरवा. डोकं पुढे करा."
वॉर्डबॉय माझ्याकडे बघतच राहिला. सुधीरही.
आईंनी माझी बोटं एकेक करून दांड्यावरून सोडवली.
"ऱ्हवांदे गो," म्हणाल्या. "व्हरूंदे त्येंका."
अण्णांच्या पावलांवर चादर ओढली, खोचली. ट्रॉली आत गेली.
आम्ही बाकावर बसलोय. अजून आतून कोणी आलेलं नाही.