गोपाळला आपटायचा डाएट

३ नोव्हेंबर, सकाळ
काल गोपाळनं मला बांधावर उचलून आपटलं. सख्खा धाकटा भाऊ. त्यानं हातभर बांध कोरला, मी कानफटात मारली, पुढचं आठवत न्हाई. तोंडात ढेकळं होती. अर्धं वालूर गाव बघत होतं.
कारण सापडलं. प्रोटीन. तो मटण खातो, मी वरण. मोबाईलवर व्हिडिओ बघितला : माणूस मुळात शिकारी. आजपासून फक्त मटण, अंडी, चरबी. भाकरी बंद. पंधरा दिवसांत त्याच्या बरगड्या मोडणार.

४ नोव्हेंबर
पाऊण किलो मटण. चरबी वेगळी वितळवून वरून ओतली. बायकोनं, म्हणजे चतुराबाईनं, ताटात मेथी वाढली. ताट भिंतीवर फेकलं. म्हणाली, भिंत तुमीच पुसा. पुसली न्हाई. शिकारी पुसत नसतात.

७ नोव्हेंबर
डेअरिंग वाढावी म्हणून कोंबडा स्वतः कापला. सुरी बोथट निघाली. अर्ध्या मानेनं तो अंगणभर पळाला, धरला तर नखानं हात फाडला. शेवटी चतुराबाईनंच एका घावात त्याला सोडवलं. मला तीन टाके. शिवताना धम्मशीला डॉक्टर म्हणाल्या, मटण खा, पण आठवड्यातून दोनदा, मूठभर. सोबत भाकरी, वरण, पालेभाजी. तेल-तूप चमच्यानं, चरबी नको. बाई स्वतः काडीसारख्या. त्यांनी कधी कुणाला आपटलंय?

११ नोव्हेंबर
चार दिवस संडास न्हाई. ताकद आत साठायलीय.

१५ नोव्हेंबर
उजव्या पायाचा अंगठा वांग्यासारखा सुजलाय. चादर लागली तरी ओरडतो. डॉक्टर म्हणाल्या, युरिक ॲसिड, मटण बंद. मला तर मसल वाटतो. उद्या गोपाळ.

१६ नोव्हेंबर
गोपाळ शेतात एकटाच होता. काठी घेऊन धावलो. "मारू नका, भाऊ हाय तुमचा!" म्हणत मागनं पळत आलेली चतुराबाई मधी आली. मी काठी उगारली, अंगठ्यावर जोर पडला, डोळ्यांपुढं अंधारी आली. काठी तिच्या मनगटावर बसली. कापसाची वाळकी पळाटी मोडावी तसा आवाज झाला.
गोपाळनं काठी हिसकली. मी म्हणालो, मार. त्यानं मारलं न्हाई. वहिनीला मोटारसायकलवर बसवून घेऊन गेला.
चूक अंगठ्याची.

१७ नोव्हेंबर
प्लास्टर. डॉक्टरांनी विचारलं, कसं मोडलं? ही म्हणाली, पाय घसरला. डॉक्टर माझ्याकडं बघत राहिल्या. मी खरं सांगणार होतो. तेवढ्यात दुसरा पेशंट आला.

१९ नोव्हेंबर
लेक निकिता चुडाव्याहून आली, आईला सोबत घेऊन गेली. जाताना म्हणाली, बाबा, फोन करू नका. माझा अंदाज, आठवडाभरात दोघींचा राग उतरेल.

२१ नोव्हेंबर
सकाळी गोपाळ दारात. मी छाती काढून उभा राहिलो. म्हणालो, काय करायचं ते इथंच करू.
म्हणाला, "वहिनीच्या एक्स-रेची पिशवी द्या. चुडाव्याला न्यायची हाय."
दिली. त्यानं घेतली, माझ्या तोंडाकडं बघितलंसुद्धा न्हाई. गाडीचा आवाज वेशीपर्यंत ऐकू आला. मी अजून छाती काढूनच उभा होतो.