दावणीला जिराफ

६ जानेवारी, सोमवार

गाढव! माझा भाऊ हामा गाढव आहे, दुसरा शब्द नाही. आज गुरांमागून येताना जिराफाचं पिल्लू घेऊन आला. "झुडपात एकटंच पडलं होतं गं ताई. आई टाकून गेली बघ." आणि बांधलं की दावणीला, आमच्या वासरांच्या ओळीत! म्हणे, संध्याकाळी गाई जशा वासरांकडे धावत येतात, तशी ह्याची आईही येईल.

अरे, ती गाय आहे का? तान्हं पिल्लू जिराफीण झुडपात दडवूनच ठेवते आणि स्वतः लांब चरायला जाते. एवढी उंच ती, जवळ उभी राहिली तर तरसाला आयता पत्ता मिळतो. मधूनमधून येते, पाजते, पुन्हा जाते. आणि येते ती ठेवलं तिथंच! इथल्या कुरेच्या रानात वाटाडी होऊन पाहुण्यांना जिराफ दाखवत मी इतकी वर्षं फिरले, पण घरात माझं कोण ऐकतं?

आई म्हणाली, "तिला सांगा, ओरडू नको, अंगावर पाजतेस." तिला म्हणजे मला. मी समोरच उभी होते!

७ जानेवारी

पिल्लू गाईच्या दुधाला तोंड लावत नाही. मान खाली घालून उभं आहे. पाय तर नुसत्या काड्या. मी बोट पुढं केलं, तर काळ्याभोर जिभेनं चोखायला लागलं. मला रडूच आलं.

हामाची बायको पेंदा पाणी घेऊन आली. "वन्सं, पिल्लू सापडलं त्या बाभळीपाशी एक जिराफीण उभी आहे. चरत नाही, काही नाही. नुसती खाली बघतेय."

हामाला म्हटलं, आत्ताच्या आत्ता सोड. तर म्हणतो, "येईल की वासानं, आज नाही तर उद्या." नाही येणार! कुत्री, धूर, माणसं — कशी येईल?

एवढ्यात सफूरा रडायला लागली. उचलायला गेले, तर आईनं झडप घालून आधी उचललं. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले तेव्हापासून हेच! पहिल्या मुलाला आईनं चारचौघांत जवळ घ्यायचं नाही, नावानं हाक मारायची नाही. लोक निर्लज्ज म्हणतात, शिवाय वाईटाचं लक्ष बाळावर जातं. आम्हा फुलानी गुराख्यांची ही रीत! मीही आईची पहिलीच. आजीनं वाढवलं मला. आईच्या तोंडून "डिक्को" अशी हाक एकदाही ऐकली नाही. दगड आहे बाई! मी माझ्या पोरीशी असं वागणार नाही. सफूरा, सफूरा, सफूरा!

८ जानेवारी

आई म्हणाली, तान्ही घरात असताना रानात जायचं नाही. मी गेले. हामाला ओढत नेलं. पिल्लू दोनदा धडपडलं.

जिराफीण तिथंच होती. कास तट्ट फुगलेली. पिल्लाला सोडून आम्ही मागं सरलो. ती वाकली आणि हुंगत राहिली — किती वेळ! धुराचा वास, माणसांचा, गाईंचा. नाकारलं तर? पिल्लू खाली शिरलं, तिनं पाय उचलून ढकललं. पुन्हा शिरलं. पुन्हा ढकललं. मग एकदाची ती स्थिर उभी राहिली.

"चुकलं गं ताई," हामा म्हणाला. हो, चुकलंच! उपाशी मारत होतास त्याला.

पाजून झाल्यावर तिनं त्याला दुसऱ्या झुडपात नेलं. ते मुटकुळं करून बसलं, आणि ती निघून गेली. तेव्हा मला तिचाही राग आला, का कोण जाणे. बाई, एकदा मागं वळून तरी बघायचंस!

९ जानेवारी

रानात गेल्यावरून भांडण. आईशी बोलणं बंद.

१३ जानेवारी

पोरीला ताप. अंग भाजतंय. दवाखान्याचं औषध दिलंय, पण डोळे उघडत नाही. पेंदाच्या मांडीवर आहे. हाक मारावी म्हणून वाकले. नाव ओठांवर आलं — आणि त्या वाईटानं ऐकलं तर? गिळलं. उठले आणि लांब, कुंपणाबाहेर जाऊन बसले.

आई आली. शेजारी बसली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुला गोवर आला होता तेव्हा मी इथंच बसायचे."