खालून चौथा रिव्हेट

२ मार्च

हरलो. साठ विमानांची ऑर्डर पलीकडच्यांनी नेली.

गुंड्या कारखान्यातून आला तो बूट न काढता खुर्चीत बसला. गुंड्या म्हणजे माझा मुलगा — वय पन्नास, डोक्यावर केस औषधालाही नाहीत, पण नाव गुंड्याच राहिलं. म्हणाला, "आई, संपलं सगळं. आपलं विमान आता कुणाला नको. वर्षभरात शेड बंद." सून डोळ्याला पदर लावून उभी. मी म्हटलं, आधी बूट काढ, आत्ताच फरशी पुसलीय.

घरात कुणीतरी फरशीचं बघायला हवं की नको?

ह्यांना सांगायचं नाही असं ठरलं. झटका आला तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते, मनाला धक्का नको. आणि हा तर धक्क्यांचा बाप.

४ मार्च

हे पुढच्या खोलीत, खिडकीपाशी, लोखंडी खाटेवर. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डावा हात राहिला. त्या हातात चमचा, आणि चमच्याने खाटेच्या दांडीवर टकटक. लोकांना वाटतं, म्हातारा मुका झाला. मला काही वेगळं वाटत नाही. आम्ही असेच बोलत आलोय.

एकोणतीस वर्षं आम्ही नवरा-बायको एका पत्र्याच्या दोन बाजूंना. हे विमानाच्या बाहेर, हवेची बंदूक घेऊन. मी आत, कमरेत वाकून, हातात लोखंडी ठोकळा. ह्यांनी बाहेरून पत्रे जोडायचा रिव्हेट मारायचा, मी आतून ठोकळा दाबून धरायचा, म्हणजे टोक चपटं होऊन रिव्हेट बसतो. आवाज असा की देव हाक मारेल तर ऐकू यायचं नाही. आणि पत्र्यातून दिसणार काय, कपाळ! म्हणून टक. आतून पत्र्यावर एक टक — अजून मार. दोन — बसला, पुढे चल. तीन — बिघडला, काढ.

काढायचा म्हणजे ड्रिल मारून. त्यात भोक मोठं होतं, मग आधीच्या मापाचा चालत नाही, एक नंबर जाड घालावा लागतो. विमानाच्या अंगावर ओळीत एखादा जाड दिसला की समजावं, इथे चूक झाली होती आणि कुणीतरी सुधारली.

आता भात भरवताना तेच. एक टक — अजून. दोन — बस. काल भोपळ्याला तीन. मीठ घालायचं विसरले होते, पण म्हणून तीन?

९ मार्च

रोज दहाच्या सुमाराला नवं विमान चाचणीला आमच्या घरावरून जायचं. कपाटातली भांडी वाजायची. हे खिडकीकडे मान वळवून बघायचे, मग दोन टक. स्वतःच्या हाताने रिव्हेट बसवल्यासारखे!

आता आठवड्यात एखादं. आज हे साडेदहापर्यंत वाट बघत होते. मी म्हटलं, धावपट्टीचं काम काढलंय, बंद आहे. जरा वेळाने दोन टक.

पटलं म्हणायचं. खोटं बोलायला मला कधीच शिकवणी लागली नाही.

१५ मार्च

गुंड्याला पलीकडच्यांचं पत्र आलं. नोकरीचं.

या घरात त्या कंपनीचं नाव घेत नाहीत. चाळीस वर्षं "पलीकडचे" म्हणूनच चाललंय. हे एकदा पुतण्याच्या लग्नाला दोन दिवस रेल्वेने गेले, कारण तिकडे जाणारं विमान पलीकडच्यांचं. पोचले तेव्हा मांडव सोडत होते. तरी मान ताठ!

गुंड्या म्हणाला, "आई, त्यांच्याकडे आता रिव्हेट नाहीतच फारसे. अख्खं धड कापडाचे थर चिकटवून भट्टीत भाजतात."

"चिकटवतात? विमान आहे की पतंग?"

"त्या पतंगाला तेल कमी लागतं, म्हणून तर आपण बुडालो."

"आणि इंजिन?"

"इंजिन दोघांचं एकाच कारखान्यातून येतं."

घ्या! सवती एकमेकींच्या झिंज्या उपटतात आणि पाणी भरतात एकाच विहिरीवर. मी म्हटलं, जा. पोटाला कंपनी नसते. पण बाबांच्या खोलीत त्या पत्राचा कागदही न्यायचा नाही.

२१ मार्च

आज विमान नाही. कालही नव्हतं.

२८ मार्च

एअरलाइनवाल्यांनी आमची जुनी वीस विमानं परत केली. पलीकडची नवी आली ना घरात, मग जुनीला माळ्यावर. पण ही माळ्यावरही नाहीत, सरळ तोडायला. लांब कुठेतरी कोरड्या मैदानात उभी केलीत. कामाचे भाग काढून ठेवायला आमच्या कारखान्यातून माणसं जाणार, त्यात गुंड्या. जेवताना विमानांच्या नंबरांची यादी वाचत होता. एकाहत्तर, चौऱ्याहत्तर, त्र्याऐंशी, शहाऐंशी...

माझ्या हातून पळी पडली. सून म्हणाली, "आई, भाजलं का?"

हो म्हटलं.

२९ मार्च

लिहूनच टाकते. एकतीस वर्षं पोटात आहे.

तेव्हाही अशीच शर्यत होती, आमची आणि पलीकडच्यांची. गिऱ्हाईक एकच, जो आधी विमानं देईल त्याला पुढची ऑर्डर. शेडच्या दारात फळा लावलेला — त्यांची किती, आपली किती. रोज सकाळी खडूने आकडा बदलायचे. आम्ही सहाने मागे. सुपरवायझर शेपटीला फटाका बांधल्यासारखा फिरायचा.

त्या दिवशी माझे तीन टक फार झाले. पत्रे घाईत कापलेले, भोकं जुळेनात. सुपरवायझर सगळ्यांसमोर ह्यांना म्हणाला, "काय रे, बायको सारखी नाही-नाही म्हणते? घरी पण असंच का?" चाळीस माणसं हसली. मी आत वाकलेली. विमानाच्या दाराच्या फटीतून मला ह्यांचे फक्त बूट दिसत होते. बूट हलले नाहीत.

त्यानंतरचाच रिव्हेट. माझा हात घामेजलेला, ठोकळा घसरला, रिव्हेट आडवा झोपला. पत्र्याचा दोष नाही, बंदुकीचा नाही, माझा. तीन द्यायचे म्हणून हात उचलला आणि दोन दिले. ह्यांना परत हसू नयेत म्हणून.

बाहेर बंदूक जराशी थांबली. मग पुढच्या भोकाला लागली.

शहाऐंशी नंबर. शेपटीकडे डाव्या अंगाला सामानाचं दार आहे, त्याची कड. खालून चौथा.

संध्याकाळी हे फार उशिरा घरी आले, अंगठा कापलेला. "काम वाढलं," एवढंच. मी ताट झाकून बसले होते, वर भांडले. चोराच्या उलट्या बोंबा!

त्यानंतर कुठे विमान पडल्याची बातमी आली की सगळी वसाहत विचारायची, "कुणाचं? आपलं की त्यांचं?" त्यांचं निघालं की एखाददुसरा नालायक चहा सांगायचा. चहा! आत माणसं होती हे कुणाच्या डोक्यात यायचं नाही. मी एकच विचारायचे, नंबर कुठला? सगळे म्हणायचे, बाईला नंबर कशाला हवा?

एका रिव्हेटने विमान पडत नाही. मलाही कळतं. पण विमानात जितके हजार रिव्हेट, त्यातला तो एक माझ्या ओळखीचा होता.

२ एप्रिल

गुंड्या निघाला. बॅग भरताना म्हटलं, शहाऐंशीच्या त्या दाराच्या कडेची वीतभर पट्टी कापून आण मला. जागा नीट सांगितली, दोनदा.

"कशाला गं?"

"आठवण."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. आठवणीखातर मी साधं लग्नाचं पातळही ठेवलेलं नाही, फरशी पुसायला काढलं.

मला बघायचंय, त्या रिव्हेटने एकतीस वर्षं कसा तग धरला. तडा गेलाय की नाही. गेला असेल तर मग ह्यांना सांगायची हिंमत व्हायची नाही. म्हणजे आधी सांगायला हवं.

६ एप्रिल

सांगितलं.

सकाळी भात भरवताना. आधी कारखान्याचं — ऑर्डर गेली, शेड बंद होतेय, धावपट्टीची थाप होती, गुंड्या पलीकडच्यांकडे जाणार. वाटलं, आता बिघडतं काहीतरी. हे छताकडे बघत पडलेले. कितीतरी दिवसांपासून माहीत असल्यासारखे.

मग म्हटलं, अहो, अजून एक आहे. शहाऐंशी नंबर. सगळं सांगितलं. ठोकळा घसरल्याचं, दोन दिल्याचं, सगळं.

ह्यांनी चमचा उचलला. टक. टक.

म्हटलं, दोन काय? मी सांगतेय बिघडला होता! कान पण गेले का?

टक. टक. तोंडाचा जेवढा कोपरा हलतो तेवढ्याने हसले.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, माणूस आडवा झाला तरी बायकोला चुचकारायचं सुटत नाही! आयुष्यात एक खोटा टक केला नाहीत, आणि आता माझी लाज राखायला करताय? मी कबूल करायला आलेय, मला बिघडला म्हणणारं माणूस हवंय. तीन द्या!

दोन. परत दोन. परत दोन. भात गार झाला, चमचा हातातून गळून पडला तरी बोटं दांडीवर दोन-दोन वाजवत होती. मी ताटली उचलून आत निघून आले.

७ एप्रिल

बोलले नाही. भरवलं, पुसलं, कूस बदलली. बोलले नाही.

८ एप्रिल

हेही टक करत नाहीत. सून म्हणाली, "आई, बाबांचं काय बिनसलंय?" म्हटलं, त्यांनाच विचार.

उद्या बघू.

९ एप्रिल

गेले. सकाळी, मी चहा गाळत होते तेवढ्यात.

११ एप्रिल

गुंड्या पलीकडच्यांच्या विमानाने आला. दुसरं विमान तिकडून सुटतच नाही आता. दारात उभा राहून म्हणाला, "आई, बाबांना आवडलं नसतं." मी म्हटलं, वेळेवर आलास ना. ते पुतण्याचं लग्न चुकवून बसले होते.

कारखान्यातले जुने लोक आले होते. वाकलेले, बहिरे. आम्ही सगळेच बहिरे, त्या बंदुकांनी केलेले. मोठमोठ्याने सांत्वन चाललं होतं, शेजारच्यांना वाटलं असेल भांडण आहे. तो सुपरवायझरही आला, काठी टेकत. म्हणाला, "वहिनी, तुमच्या जोडीसारखा हात पुन्हा पाहिला नाही." मला त्याच्या अंगावर पाणी ओतावंसं वाटलं. चहा दिला.

१६ एप्रिल

गुंड्या उरलेलं काम संपवायला परत गेला. पट्टीची आठवण त्याने काढली, मी नाही. म्हटलं, आण सोयीने.

आता कुणाला दाखवायची?

२२ एप्रिल

गादी उन्हात टाकली. खाली चमचा सापडला. दांडीवरचा रंग एका जागी उडालाय, आत लोखंड चकचकीत. सुनेने विचारलं, खाट हलवायची का? म्हटलं, खाट तुझं काय खाते?

दहा वाजता मी अजून भांडी मागे सरकवते. वाजत नाहीत तरी.

३० एप्रिल

शेवटचं विमान गेलं म्हणे काल. माझं लक्षच नव्हतं.

३ मे

गुंड्या पट्टी घेऊन आला. खिडकीशी उजेडात धरली. ओळीतले सगळे एका मापाचे. खालून चौथा एक नंबर जाड.

गुंड्या त्यावर अंगठा फिरवत म्हणाला, "आई, हा काढून पुन्हा बसवलाय कुणीतरी. दाराची कड आहे, हात वळवला तर एकट्यालाही जमतं. काय सफाई आहे बघ! कुणाचं काम गं?"

म्हटलं, तुझ्या बापाचं.

एकतीस वर्षं! आणि तेव्हा तर तोंड धड होतं माणसाचं.