माश्यांसाठी उसनं आडनाव

४ नोव्हेंबर

आज मी धडधडीत खोटं बोलले! सांगालकामच्या पलीकडे येरोबाबांचा गुरांचा तळ आहे. त्सेत्से माशीच्या रोगाने त्यांची पांढरी गाय दोनदा गाभडली, आता पुन्हा गाभण आहे. आमच्या केंद्राला तिथे गॅमा किरणांनी नपुंसक केलेले नर माश्या खोक्यांतून सोडायचेत, सापळा लावायचाय. अख्ख्या पट्ट्यात तेवढीच जागा उरलीय. पण म्हातारा ऐकेना!

"अणू म्हणजे बॉम्ब! खोकी उचल नि चालू लाग." त्यांची बायको कुम्बाआई खोक्यांकडेच टक लावून बसलेली. मग म्हाताऱ्याने सवयीने विचारलं, "आडनाव काय तुझं?" मी मारेम गेय, अस्सल वोलोफ जमातीची. तोंडातून निघालं — "फाय!"

फाय हे सेरेर जमातीचं आडनाव. सेरेर नि येरोबाबांची फुलानी जमात थट्टेचे भाऊबंद — एकमेकांना गुलाम म्हणायचं, हक्काने मागायचं, नाही म्हणायचं नाही. म्हातारा खदखदून हसला. "अगं गुलाम, आधी नाही का सांगायचं! लाव तुझा सापळा."

१२ नोव्हेंबर

सापळ्यात नऊ जंगली माश्या. येरोबाबांना समजावलं — मादी बहुधा जन्मात एकदाच नर करते. तो आमचा निघाला की तिचा वंश बुडाला.

"म्हणजे पोरीला फसवून लग्न लावता! सेरेरांना शोभतंच." मी बरी सोडेन! "गिऱ्हाइकाला दुधात पाणी घालून देणाऱ्या फुलानींनी बोलू नये!"

३ डिसेंबर

चार माश्या. आणि माझे हाल! सेरेर खादाड, म्हणून कुम्बाआईंनी तिसऱ्यांदा भात वाढला. "खा, नाहीतर वोलोफ समजू तुला." खाल्ला. गाडीत बसवेना. आमचा ड्रायव्हर जुफ खरा सेरेर. तो सगळ्या रस्त्यात हसत होता, मग एकदम गंभीर झाला. "त्यांना कळलं ना, तर खोकी फेकून देतील. सगळी मेहनत पाण्यात, आणि गाईचं काय?"

त्या गाईची मला फार काळजी वाटते.

१० जानेवारी

मेले! कुम्बाआई साक्षरता वर्गाला जातात — आज कळलं! प्रत्येक खोक्यावर माझं खरं नाव छापलंय. धावत जाऊन शाई फासली. "काय गं?" "काही नाही, डाग पडला."

२८ जानेवारी

एक माशी.

१७ फेब्रुवारी

कालवड झाली! पांढरीच, कान मात्र तांबडे. सापळाही रिकामा, सलग दुसऱ्या आठवड्यात! येरोबाबांनी सगळ्या तळाला ओरडून सांगितलं, "हिचं नाव फाय!" सगळे हसले. मला रडू आलं. इतकी माया, नि ती एका खोट्या नावावर. उद्या सांगणार. सापळा उखडला तर उखडू दे.

१८ फेब्रुवारी

सांगितलं. येरोबाबा चहा ओतत होते (घरच्या माणसाने तीन पेले घेतल्याशिवाय उठायचं नसतं), मान वर केली नाही. "कुम्बाने पहिल्याच दिवशी खोक्यावर वाचलं."

"मग हो का म्हणालात?"

"माझ्या गाईसाठी जी पोर बापाचं नाव बदलते, तिला नाही कसं म्हणू?"

मी तोंड लपवून उठले. मागून हाक आली — "ए गुलाम! तिसरा पेला न घेता कुठं चाललीस?"