मोहरीएवढी फट

पुंगोल, सिंगापूर
४ ऑक्टोबर २००९

चि. राणी,

सप्रेम जय भीम. आम्ही दोघं मजेत आहोत. तुझ्या आईचे गुडघे आणि माझी बडबड, दोन्हींची कुरकुर पूर्वीसारखीच. समीररावांनाही जय भीम सांग.

फोनवर तू दर वेळी विचारतेस, "पप्पा, घर बघायला येणार ना?" आणि मी "बघू" म्हणून रिसीव्हर आईकडे देतो. रागावलो नव्हतो गं. तपासत होतो. जन्मभर इथल्या इमारतींची फायर सेफ्टी तपासली. फेब्रुवारीत तुमच्या त्या कांगारूंच्या देशात वणव्यांनी गावंच्या गावं नेली, आणि माझी लेक निलगिरीच्या रानाला लागून घर बांधते! मग तिकडचे नवे नियम मागवले आणि तुझ्या बिल्डरच्या हात धुऊन मागे लागलो.

वणव्यात घरं पेटतात ती बहुतेक उडत आलेल्या निखाऱ्यांनी. म्हणून त्याला सांगितलं, जिथून मोहरी आत जाईल तिथून ठिणगीही जाईल. त्याला माझं बोलणं कळेना. शेवटी आईने रिसीव्हर ओढून घेतला आणि आपल्या सिंगापुरी इंग्रजीत सुनावलं, "मिस्टर, मस्टर्ड सीड लाह! सो स्मॉल, बट गो इनसाइड, हाउस फिनिश!" पुढच्या आठवड्यात छपराखालच्या झरोक्यांवर बसवलेल्या स्टीलच्या बारीक जाळीचा फोटो आला. जाळीवर चिमूटभर मोहरी, एकही दाणा खाली पडलेला नाही. माणूस कामाचा आहे.

दोष निघाला तो आपल्याच सामानात. गृहप्रवेशासाठी आईने काथ्याचं जाडजूड पायपुसणं आणि व्हरांड्यात लावायला कागदी पंचशील पताका बांधून ठेवल्या होत्या. दारातल्या काथ्यावर एक निखारा पडला की संपलंच. मी दोन्ही वस्तू नापास केल्या. ती म्हणाली, "मग मलाही नापास करा, माझी साडीपण पेटते." दोन दिवस आमटीत मीठ नव्हतं. अखेर तह झाला. पताका घरात लावायच्या, पायपुसणं इथेच ठेवायचं. आणि तू अंगणात लावणार आहेस तो पिंपळ भिंतीपासून चांगला लांब लाव. आपली श्रद्धा कितीही असो, त्याची पानं पन्हळीत साचणारच.

आता खरं सांगतो. मी दोष शोधत होतो तो सापडावा म्हणून. घर नापास झालं असतं तर तुम्ही इकडे परत आला असता असं वाटत होतं. पुंगोलचा हा फ्लॅट एक खोली जास्तीची बघून घेतला, तो तुमच्याचसाठी. पुन्हा पुन्हा नकाशे पाहिले. काचा, दारं, पाण्याची टाकी, सगळं चोख. इमारत पास झाली म्हणून डोळ्यांत पाणी येण्याची ही माझी पहिलीच वेळ. आईने पाहिलं, पण चेष्टा केली नाही.

मला भीती वाटते, राणी. पास झालेलं घरसुद्धा तुम्हाला फक्त थोडा जास्त वेळ देतं. म्हणून एवढं एक ऐक. ज्या दिवशी वणव्याचा इशारा असेल त्या दिवशी सकाळीच कुलूप लावून निघा. काही वाचवत बसू नका. घर जळलं तर दुसरं बांधू, तेही मी तपासून देईन. तुला कुठून आणू?

जागेवर गेल्याशिवाय मी आजवर एकाही इमारतीवर सही केलेली नाही. दोघांची तिकिटं काढली आहेत. आईने मोहरी बरोबर घेतली आहे, फोडणीसाठी म्हणते.

तुझं घर पास करायला येणारा,
तुझा भित्रा पप्पा