आठ सेंटिमीटर

वसतिगृह, खोली क्रमांक चौदा
८ फेब्रुवारी

प्रिय कंटूरबाईस,

सप्रेम नमस्कार. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. आईंचा गुडघा आता बरा असेल. वहिनींच्या झेरॉक्सच्या दुकानात तू एव्हाना मशीनलाही शिस्त लावली असशील. मी बरी आहे. तुम्ही सगळ्यांनी ठेवलेलं 'वटवट' हे नाव अजून सार्थ करते. तुझ्या कॉटवर आलेली नवी मुलगी कानात बोळे घालून अभ्यास करते, यावरून काय ते समज.

विभागातली मोठी बातमी म्हणजे भिंतीवरचा जगाचा नकाशा अखेर पडला. हवामानाच्या सरांच्या डोक्यावर पडता पडता राहिला. सर म्हणाले, "याचा अंदाज मलाही नव्हता." वर्ग पाच मिनिटं हसत होता. खडक ओळखायची चाचणी झाली, त्यात मी चुनखडीला ठामपणे संगमरवर म्हणून आले. तू असतीस तर टेबलाखालून लाथ मारली असतीस.

तुला कधी सांगितलं नाही, पण मी भूगोल घेतला तो बाकी कुठे प्रवेश मिळाला नाही म्हणून. राजधान्या पाठ करायच्या आणि नद्या निळ्या रंगवायच्या, एवढीच माझी समजूत. पहिल्या वर्षी बाजाराच्या रस्त्यावर तू मध्येच थांबलीस आणि म्हणालीस, "हा रस्ता इथे उगाच वळत नाही. इथून ओढा जात असणार." मी तुला वेड्यात काढलं. तू सरळ कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या चावीवाल्याला विचारलंस. तो म्हणाला, "अगं पोरी, लहानपणी इथेच डुंबायचो आम्ही!" त्या दिवसापासून मला कुठलाही रस्ता नुसता रस्ता दिसत नाही. वळण आलं की मी खाली बघते. इतके तास वर्गात बसले, पण हा विषय मला तिथे, त्या चावीवाल्यासमोर आवडला.

आणि तुझे नकाशे! सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या त्या कंटूर रेषा आम्ही काढल्या की गुंता झालेली लोकर दिसायची. तू काढल्यास की कागदावर टेकडी उभी राहायची. तुझ्या हाताला लहानपणापासून कंप आहे, तरी रेघ कधी हलली नाही. श्वास धरून, सावकाश काढायचीस. तुझी जर्नल प्रॅक्टिकलच्या मॅडमच्या कपाटात आहे. परवा मी ती मागून घेतली आणि तासभर बघत बसले. हेवा वाटला. आधीही वाटायचाच.

आता मुद्द्याचं लिहिते. इतका वेळ घोळ घातला, कारण हे लिहिणं जिवावर आलंय.

नोव्हेंबरातलं ते उंची मोजायचं प्रॅक्टिकल. मी दुर्बिणीशी, तू आकड्यांची पट्टी धरून समोर. ग्रंथालयाच्या पायरीपासून निघालो, चढउतार मोजत मैदानाला वळसा घातला आणि परत त्याच पायरीशी आलो. पायरी काही जागची हलत नाही, म्हणजे शेवटी उंची तीच यायला हवी. आपली आठ सेंटिमीटरनी चुकली. मॅडमनी सगळ्यांसमोर कारण विचारलं आणि मी पटकन म्हणाले, "मॅडम, हिचा हात थरथरतो. पट्टी सरळ राहतच नाही."

तू दोन्ही हात पाठीमागे घेतलेस. दोन आठवड्यांनी "मोजमापाचं काम माझ्या हातचं नाही" म्हणून खोली सोडून घरी निघून गेलीस.

गेल्या मंगळवारी मी पुन्हा तेच मोजलं. पट्टी धरायला प्रयोगशाळेतले शिपाईकाका होते. त्यांचा हात तुला माहीत आहे, चहा आणतात तेव्हा निम्मा बशीत असतो. पट्टी धरून पूर्ण वेळ ते सुनेच्या तक्रारी सांगत होते. परत पायरीशी आलो तेव्हा फरक अर्ध्या सेंटिमीटरचाही नव्हता.

"जमलं का गं?" काकांनी विचारलं.

"जमलं, काका."

"मग रडतेस कशाला?"

चूक वाचण्यातली होती. आपल्या त्या जुन्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, आकडे खाली जाताना वाढतात. ऊन डोळ्यांवर होतं, मला घाई होती. दीड मीटरच्या खुणेपासून मी भलत्याच बाजूला सेंटिमीटरची चार घरं मोजली. एक पॉइंट चोपन्नच्या जागी एक पॉइंट सेहेचाळीस लिहिलं. बरोबर आठचा फरक.

इथे पत्र संपवलं असतं तर तुला वाटलं असतं, बिचारीला मंगळवारी कळलं आणि तिने लगेच कळवलं. तसं नाही. मला त्याच दिवशी कळलं होतं. खोलीवर येऊन आकडे उतरवताना दिसलं, त्या एका आकड्याशेजारी मीच पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. आणि मी खोडरबर घेतलं. तू समोरच्या कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. हाक मारायचा अवकाश होता. पुढे तू सामान बांधलंस, तेव्हा बॅगेची अडकलेली चेन मी लावून दिली.

असं का केलं, हे मी स्वतःला खूपदा विचारलं. तू माझ्यापेक्षा हुशार आहेस हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. एकदा तरी चूक तुझी ठरावी, असं मला वाटलं. एवढंच, आणि इतकं घाणेरडं.

काल मॅडमना सांगितलं. "आठ? उलटं वाचलंस," त्या तत्काळ म्हणाल्या. मग म्हणाल्या, "हात थरथरून आठ सेंटिमीटर चुकत नाहीत. हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. मीही तिला एका शब्दाने विचारलं नाही." आज वर्गासमोर उभी राहून सगळं बोलले. माझे प्रॅक्टिकलचे गुण गेले. ते जाऊ देत.

परीक्षेचा फॉर्म वीस तारखेपर्यंत भरता येतो. तुझं नाव मॅडमनी पटावरून काढू दिलेलं नाही. हजेरीचं त्या बघतील, पण सहीला तू स्वतः यायला हवंस. तुझी कॉट मोकळी करून घेते. माझं तोंड बघायचं नसेल तर मी दुसऱ्या खोलीत जाईन. जोडीदार दुसरी घे, माझ्याशी बोलू नकोस, मला चालेल. पण हाताला दोष देत घरी बसू नकोस. तुझ्या हाताने काहीही चुकलेलं नाही. मी चुकले, आणि ते मला माहीत असताना तुला जाऊ दिलं.

मला माफ कर, असं लिहायचा हक्क मला आहे का, माहीत नाही. तरी लिहिते. मला माफ कर. आणि नाही केलंस तरी ये.

तुझी म्हणवून घ्यायला आज लाज वाटणारी,
वटवट